काळा घडा

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. श्वास आपल्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

मेक्सिकोतल्या एका जुन्या घराची खोली मनासमोर आणा. जाड मातीच्या भिंती, अर्धी उघडी खिडकी. मधोमध मेस्कीटच्या लाकडाचं टेबल. आपल्या माळावरची वेडी बाभूळ याच झाडाची सख्खी नातलग, त्याच खंडातून आलेली. लाकूड कठीण, घट्ट.

टेबलाच्या कडेवरून मनानंच हात फिरवा. नवं लाकूड साखळीनं ठोकून जुनं दाखवता येतं. पण ते घाव सगळीकडे सारखेच पडतात. खरी झीज मात्र जिथे कोपर टेकलं, जिथे ताट सरकवलं, तिथेच होते. असा एक गुळगुळीत खळगा बोटांना सापडू द्या. तिथे थोडं थांबा.

आता बाजूच्या एकिपालवर बसा. ही हालिस्कोची खुर्ची. खाली लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, वर ताणलेलं डुकराचं कातडं. नाहुआत्ल भाषेत ‘इक्पाल्ली’ म्हणजे आसन, त्यावरून हे नाव आलं. कातडं करकरेल. करकरू द्या.

समोर कोनाड्यात एक काळा घडा आहे, ओआहाकातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावचा. तिथले कुंभार चाक वापरत नाहीत. पालथ्या थाळीवर दुसरी थाळी ठेवून ती हातानं फिरवत मातीला आकार देतात. पूर्वी हे घडे राखाडी असत. कडक भाजलेले, टिचकी मारली की खणखणणारे. त्यांतून पाणी आणि मेस्कल ही दारू वाहून नेत.

1950च्या दशकात गावातल्या दोन्या रोसा या कुंभारणीनं अर्धवट सुकलेली माती गारगोटीनं घासली आणि भट्टीची आच कमी ठेवली. घडा काळाभोर, आरशासारखा चमकता निघाला. पण कमी आचेमुळे तो कच्चा राहिला, पाणी धरेना.

हे मनात हळूहळू उतरू द्या. चमक आली आणि पाणी गेलं.

लगेच निवाडा करू नका. घड्यानं पाणी सोडलं, पण ती चमक पाहायला लोक येऊ लागले आणि गावच्या चुली पेटत राहिल्या. धरायचं तेही त्यानं धरलंच.

श्वास घ्या. सोडा.

आता तुमच्या घरात या. नवं काहीच आणू नका. आहे त्यातली एक वस्तू निवडा. ती कामाला लागते, की नुसती दिसते? दिसत असेल, तर तिच्यामुळे कुणाची चूल पेटली असेल? कामाची असेल, तर ती कुठे झिजली आहे?

ती जागा आठवत नसेल तर डोळे उघडा, उठा आणि तिथे हात लावून बघा.