भूमी, घोडा आणि विक्रीखत

फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत वेलिंग्टन नावाचं गाव आहे. दर हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च, जगभरातले उत्तम घोडे आणि स्वार इथे स्पर्धांसाठी जमतात. पोलो, उड्या, ड्रेसाज या खेळांभोवती गावाचं सगळं अर्थकारण उभं आहे, आणि त्या अर्थकारणाच्या मध्यभागी आहे जमिनीचा बाजार. फाटकबंद वसाहतींत पागा, रिंगण, कुरणाचे तुकडे, मालकाचं घर आणि वर मोतद्दारांच्या खोल्या असं सगळं एकत्र विकलं जातं, व्यवहार कोट्यवधी डॉलरचे असतात. पागा किती ठाणांची, रिंगणाची वाळू कसली, स्पर्धेच्या मैदानापर्यंत घोड्यावर बसून जाता येतं का, यावर भाव ठरतो. मला यात एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न दिसतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. अशा विक्रीखतावर सही होते तेव्हा खरोखर काय हस्तांतरित होतं, आणि ते हस्तांतरित करण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे आला कुठून?

आधुनिक उत्तर जॉन लॉकचं आहे. १६८९ साली त्याने मांडलं की सृष्टी सर्वांना सामाईक दिलेली असली, तरी माणूस तिच्यात स्वतःचे श्रम मिसळतो आणि तेवढा भाग त्याचा होतो. हे समजावताना त्याने दिलेली उदाहरणं मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत माझं, माझ्या नोकराने खणलेला गवताळ मातीचा थर माझा, असं तो म्हणतो. म्हणजे गवत तोडण्याचे श्रम घोड्याचे, माती खणण्याचे श्रम नोकराचे, आणि मालकी मात्र तिसऱ्याची. श्रमातून स्वामित्व येतं हा सिद्धांत स्वतःच्याच उदाहरणांत श्रम करणाऱ्याला वगळतो. लॉकने एक अटही घातली होती, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. त्या अटीचं काय झालं हा वेगळा, मोठा विषय आहे. इथे मला त्या तीन गोष्टींशी थांबायचं आहे: जमीन, घोडा आणि सेवक. कारण याच तिन्ही गोष्टी आपल्या परंपरेतल्या एका फार जुन्या वादात नेमक्या एकत्र येतात आणि तिथे निकाल उलटा लागतो.

विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचं असतं. नचिकेत्याच्या वडिलांनी सर्वस्व दिलं तो यज्ञ हाच, असं शंकराचार्य सांगतात. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न येतो की ‘सर्वस्व’ म्हणजे किती. आईवडील देता येतील का? नाही, कारण त्यांच्यावर आपलं स्वामित्व नाही. यज्ञ करणारा सार्वभौम राजा असेल तर त्याला पृथ्वी देता येईल का? नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. घोडे? तेही नाहीत. आणि केवळ धर्म म्हणून सेवेला राहिलेला सेवक? त्यालाही देता येत नाही. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी जैमिनीयन्यायमालाविस्तरात भूमीबद्दलचं कारण अधिक उलगडलं. आपापल्या कर्माची फळं भोगणाऱ्या सर्व प्राण्यांचं हे सामाईक धन आहे, म्हणून राजा ते देऊ शकत नाही. इथे ‘प्राण्यांचं’ म्हटलं आहे, केवळ माणसांचं नाही. ही तर्कपद्धती मान्य केली तर घोडा हा कुरणावर ठेवलेला ऐवज राहत नाही, ते कुरण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी तो एक ठरतो.

इथे पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो बळकट आहे. जैमिनीचा भाष्यकार शबर याने भूमीबद्दलच्या याच सूत्रावरच्या भाष्यात स्पष्ट म्हटलं आहे की माणसं शेतांची मालक असलेली दिसतात, अख्ख्या पृथ्वीगोलाची नाहीत. मूळ पैठणच्या आणि काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात व्यवहारमयूखात हाच धागा पुढे नेला. राजाचा हक्क कर घेण्यापुरता, गावाचं आणि शेताचं स्वामित्व त्या त्या भूधारकाचं, असा त्यांचा निर्णय आहे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी पुढे ज्या ग्रंथाला प्रमाण मानलं आणि ज्याची चिकित्सक आवृत्ती पां. वा. काणे यांनी काढली, तोच हा ग्रंथ. मग वेलिंग्टनमधलं पाच एकरांचं शेत विकायला मीमांसेची हरकत कशी असेल? माझं उत्तर असं की विक्रीला हरकत नाहीच. हरकत आहे ती विक्रीत काय काय धरलं जातं याला. शेताचं स्वामित्व म्हणजे कसण्याचा, राहण्याचा, पीक घेण्याचा हक्क, आणि तो विकता येतो. त्याच शेताखालची पृथ्वी मात्र सामाईकच राहते, आणि तिच्याबद्दलचं कर्तव्य किंमत मोजून फिटत नाही.

हे निव्वळ शास्त्रार्थ वाटू नये म्हणून वेलिंग्टनच्या मातीकडेच पाहावं. हा भाग एव्हरग्लेड्सच्या दलदलीच्या काठावरचा. १९५३ मध्ये इथे पाण्याचा निचरा करणारा ॲक्मी जिल्हा स्थापन झाला, कालवे खणले गेले, पंप बसले, तेव्हा कुठे घोड्याचा खूर टेकेल अशी जमीन तयार झाली. एकाही पागेची जमीन तिच्या मालकाने एकट्याने कोरडी ठेवलेली नाही. ती रोज सामाईक व्यवस्थेने कोरडी राहते. शिवाय एक घोडा दिवसाला वीस किलोंहून अधिक लीद टाकतो. तिच्यातला फॉस्फरस पावसाच्या पाण्याबरोबर कालव्यात उतरतो, आणि एव्हरग्लेड्सचं पाणी फॉस्फरसला किती हळवं आहे हे फ्लोरिडाने अनेक वर्षांच्या खटल्यांतून आणि कायद्यांतून अनुभवलं आहे. म्हणून लीद कुठे साठवायची, कशी हलवायची, याचे नियम गावाला करावे लागतात. घोड्यांच्या वाटाही अशाच, एका शेताच्या कुंपणापाशी त्या संपत नाहीत. स्पर्धेच्या मैदानापर्यंत घोड्यावरून जाता येतं म्हणून जो भाव चढतो, तो भाव या सामाईक वाटेचा आहे. विकणारा तो आपल्या खात्यात जमा करतो. यात तो फसवणूक करत नाही, पण जे त्याचं एकट्याचं नाही त्याची किंमत तो घेतो, हे मान्य करावं लागेल.

दुसरा आक्षेप फाटकाच्या बाजूचा आहे. खासगी मालकी आणि बंद वसाहत नसती तर ही मोकळी जमीन केव्हाच घरांच्या रांगांनी भरून गेली असती, घोड्यांना जागाच उरली नसती. यात तथ्य आहे. पण तिथला अलीकडचा इतिहास वेगळंच दाखवतो. वेलिंग्टनने आपल्या आराखड्यात सुमारे ९,००० एकरांचं क्षेत्र घोड्यांसाठी राखीव ठेवलं. जमीन घोड्यांसाठी टिकली ती या सार्वजनिक बंधनामुळे, आणि बंधन म्हणजे मालकीला घातलेली मर्यादा. २०२४ च्या सुरुवातीला गावाच्या कौन्सिलने याच क्षेत्रातली सुमारे ९६ एकर जमीन आलिशान घरांच्या प्रकल्पासाठी वगळली. विरोधासाठी रहिवासी मोठ्या संख्येने पुढे आले, आणि त्यांच्यात स्वतः शेतं बाळगणारे, पुढेमागे ती विकणारे लोकही होते. जमीन केवळ मालकाची असते असं ते खरोखर मानत असते, तर शेजारच्या मालकाला अडवण्याचा नैतिक आधार त्यांना कुठून मिळाला असता? त्यांच्या कृतीत माधवाचार्यांचं मत आहे, मग त्यांनी ते नाव ऐकलेलं असो वा नसो. अडचण एवढीच की ते सामाईकपण फाटकापर्यंत येतं आणि तिथे थांबतं.

घोड्याकडे परत येऊ, कारण माझ्या मते प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. मीमांसेने घोडा अदेय ठरवला तो करुणेपोटी नव्हे, श्रुतीतल्या निषेधामुळे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अश्वमेध करणाऱ्या परंपरेला मी घोड्याची कैवारी ठरवणार नाही. तरीही तैत्तिरीय संहितेत घोड्याच्या देवघेवीला वरुणाच्या पाशाचं भय जोडलेलं आहे आणि त्यासाठी वेगळी इष्टी, म्हणजे छोटा यज्ञ, सांगितली आहे. ती घेणाऱ्याने करायची की देणाऱ्याने, हा वाद मीमांसकांनी केला आणि ती देणाऱ्यावर टाकली. घोडा हातावेगळा करणाऱ्याकडे काहीतरी बाकी राहतं, एवढी जाणीव मला त्यात मोलाची वाटते. अमेरिकी कायद्यात घोडा ही मालमत्ता आहे. खेळातला घोडा आयुष्यात अनेक मालक पाहतो, आणि उतरत्या वयात शेवटच्या मालकाकडे पैसा किंवा जागा नसेल तर त्याचं काय होतं हे उघड आहे. अमेरिकेतले अखेरचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, त्यानंतर कत्तलीसाठी मेक्सिको आणि कॅनडात नेल्या जाणाऱ्या घोड्यांची संख्या वाढली. वेलिंग्टनच्या घोड्यांना उत्तम वैद्य, उत्तम चारा मिळतो, असं कोणी म्हणेल. मिळतो. पण घोडा हा कळपात राहणारा, दिवसाचा बहुतेक वेळ चालत चालत चरणारा प्राणी आहे. थोड्या एकरांत जितकी जास्त ठाणं बसवावीत तितका शेताचा भाव वाढत असेल, तर तो भाव ठाणबंद आयुष्याला मिळालेलं बक्षीस आहे.

सेवकाबद्दल थोडक्यात सांगतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले अनेक मोतद्दार पहाटे खरारा करतात, ठाणं साफ करतात. शेत विकलं जातं तेव्हा पागेवरच्या खोलीत राहणाऱ्याचं घर आणि काम दोन्ही एकाच सहीने जाऊ शकतं. मीमांसकांचा समाज समतेचा नव्हता, त्याची मला पूर्ण कल्पना आहे. पण जो स्वतःहून सेवेला आला त्याला जमिनीबरोबर दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, इतकं त्या समाजालाही समजलं होतं.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: हे सगळं मान्य केलं तरी विकणाऱ्याने करायचं काय? करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते विक्रीखतात मावतं. घोडवाटेचा हक्क कायमचा नोंदवता येतो. एकरामागे किती घोडे, आणि त्यांना रोज किती तास मोकळं कुरण, हे बंधन जमिनीबरोबर पुढच्या प्रत्येक मालकाकडे जाऊ शकतं. वसाहतींचे नियम छपराच्या रंगापर्यंत बारकाईने लिहिले जातात, तेव्हा असं बंधन अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. मोतद्दारांना मुदत आणि मोबदला देता येतो. म्हाताऱ्या घोड्याच्या पोषणासाठी किमतीतला काही भाग बाजूला काढता येतो, आणि हा भाग विकणाऱ्याने काढावा असं माझं म्हणणं आहे, कारण त्या घोड्याच्या उमेदीची वर्षं त्याने घेतली आहेत. यामुळे शेताचा भाव थोडा उतरेल. उतरू दे, तो फरक त्याचा कधी नव्हताच.