मुक्त विद्येची दक्षिणा

गेल्या महिन्यात या पत्रिकेच्या जमाखर्चाची तपासणी चालू असता एका तरुण सभासदाने एक साधा प्रश्न विचारला. कागदाचे पैसे आपण देतो, छपाईचे देतो, टपालाचे देतो. मग ज्या संगणक-प्रणालीवर हा सारा मजकूर जुळविला जातो तिच्याकरिता काय देतो? काहीच नाही, असे उत्तर निघाले. ती लिबरऑफिस नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. ती उतरवून घेताना तिचे कर्ते ऐच्छिक देणगीची विनंती तेवढी करतात. ती विनंती आमच्या नजरेसमोर अनेकदा आली आहे आणि तितक्याच वेळा आम्ही ती खिडकी मिटून कामाला लागलो आहो.

यावर बैठकीत दोन मते पडली. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "ज्याने फुकट वाटावयाचे ठरविले, त्याने मागाहून हात पसरू नये." दुसरे म्हणाले, "देणाऱ्याने मागितले नाही म्हणून घेणाऱ्याचे ऋण फिटते की काय?" वाचकहो, हा प्रश्न आमच्या मनातून त्यानंतर गेला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर नव्हे. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे पुष्कळ घोटाळा झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या चळवळीची घोषणा केली तेव्हा त्यांना अभिप्रेत होती ती वापरण्याची, आतील रचना पाहण्याची, तीत बदल करण्याची आणि ती इतरांस देण्याची मोकळीक. पैसे घेण्यास त्यांचा विरोध नव्हता. १९८५ च्या सुमारास ते स्वतः आपल्या एका प्रणालीची फीत १५० डॉलरला विकीत असत. आपल्या हैदराबादेत २००५ पासून हे कार्य करणाऱ्या संस्थेचे नाव 'स्वेच्छा' असे आहे. संगणक तेलुगू भाषेत चालावा यासाठी तिने पुष्कळ खटपट केली. तेलुगूत स्वेच्छा म्हणजे स्वातंत्र्य, मराठीत स्वेच्छा म्हणजे आपली खुशी. दोन शेजारी भाषांनी या विषयाची दोन अंगे एका शब्दात कशी वाटून घेतली, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विद्येचा मोबदला आधी ठरवून शिकविणे आपल्या धर्मशास्त्राने गौण मानले, परंतु अध्ययन संपल्यावर दिलेली दक्षिणा योग्य मानली. रघुवंशातील कौत्साची कथा वाचकांस ठाऊक आहेच. वरतंतूंनी शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानली होती. कौत्साने फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी रागाने चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागितले. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली. रघू सारे धन देऊ करतो आणि कौत्स गुरूच्या देण्यापलीकडे एक नाणेही घेण्यास तयार नाही! घेणारा देण्यासाठी झगडतो आणि देणारा मागण्यास नाखूश असतो, ही त्या कथेतील रीत आहे. आज ती उलटी झाली आहे.

अजिबातच उलटी झाली आहे, असे म्हटले तर मात्र अन्याय होईल. कोविद गोयल यांचे उदाहरण पाहा. २००६ मध्ये ते अमेरिकेत उच्च शिक्षण घेत असता त्यांनी सोनी कंपनीचे पुस्तक वाचण्याचे यंत्र घेतले. ते लिनक्सवर चालेना, म्हणून त्यांनी स्वतःच एक प्रणाली लिहिली. तीच आज 'कॅलिबर' या नावाने प्रसिद्ध आहे. विद्युत-पुस्तके लावून ठेवण्यास व एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्यास जगभर तिचा उपयोग होतो. तिला किंमत नाही. वापरणाऱ्यांनी खुशीने दिलेल्या देणग्यांवर तिचे काम चालत आले आहे. हा मार्ग मुळीच चालत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तथापि हा मार्ग कुठे अडतो, तेही पाहिले पाहिजे. आमच्या मते खरे मर्म तेथेच आहे. बँकेचा व्यवहार संगणकावर करताना आपला गुप्त शब्द कोणी वाचू नये म्हणून जी कुलूपबंदी केली जाते, तिच्यासाठी ओपनएसएसएल नावाची मुक्त प्रणाली जगातील असंख्य यंत्रांवर चालते. एप्रिल २०१४ मध्ये तीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला. त्या निमित्ताने उघड झाले की एवढ्या मोठ्या कामास सरळ देणगीरूपाने वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर मिळत होते. बड्या बड्या कंपन्या तिच्यावर विसंबून होत्या. आपल्या खर्चवहीत तिचे नाव असावे असे मात्र फारच थोड्यांस सुचले होते. दोष सापडल्यावर त्याच कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. जर्मनीचे वेर्नर कोख यांचीही गोष्ट अशीच. १९९७ पासून ते गुप्त पत्रव्यवहाराची एक प्रणाली राखीत होते. २०१५ मध्ये त्यांची ओढगस्त प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे मदतीचा ओघ सुरू झाला.

यावरून आम्हांस कीर्तन आठवते. आरतीचे ताट फिरते, श्रोते आपापल्या ऐपतीप्रमाणे नाणे टाकतात, कोणी टाकीत नाही. त्याला कोणी उठवून लावीत नाही. ही रीत सुंदर आहे. परंतु ताटात पडते ते बुवांच्या नावाने. मागे बसलेल्या मृदंगवाल्याकडे कोणाची नजर जात नाही, आणि एखाद्या दिवशी ताल चुकला म्हणजेच तो दिसतो. ऐच्छिक देणगीचा हा दोष आहे. ती डोळ्यांना दिसणाऱ्याकडे जाते, पायातल्या दगडाकडे जात नाही.

मग देणे कोणाचे लागते? विद्यार्थ्याने मुक्त प्रणालीवर अभ्यास केला तर त्याच्यावर पैशाचे ऋण आहे असे आम्ही मानीत नाही. त्याने दोष कळविला, एखादे पान मराठीत आणले, तरी पुष्कळ झाले. परंतु १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाल्यापासून आपल्या या शहरात जो व्यवसाय फोफावला, त्याच्या पायाशी किती मुक्त प्रणाली आहेत, हे तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या घरोघरच्या मुलामुलींना विचारावे. जो त्यावर मिळवितो त्याला 'ऐच्छिक' हा शब्द ढालीसारखा पुढे करता येणार नाही. कायद्याने तो मोकळा आहे. कौत्सही मोकळाच होता. उलट शंभर रुपये देऊन कर्त्याला हुकूम सोडणारे दातेही आढळतात. त्यांना देणगी आणि मजुरी यांतला भेद कळलेला नाही.

आमच्या संस्थेचा सारा संसारच इतरांच्या स्वेच्छेवर चालतो. देणगीपेटी ठेवणाऱ्यांनी दुसऱ्याची पेटी दिसताच खिडकी मिटावी, हे आम्हांस बोचू लागले. बैठकीत अखेर यंदा पाचशे रुपये पाठवावयाचे ठरले. रक्कम कोणत्या सदराखाली टाकावी यावर मात्र अर्धा तास गेला. 'दानधर्म' हे सदर आमच्या तरुण सभासदास मान्य होईना, आणि 'खरेदी' हे वडीलधाऱ्यांस पटेना. खजिनदारांनी शेवटी कोणास न विचारता 'छपाई खर्च' या सदराखाली ती लिहून टाकली.