सॅग आणि सडा

फुल सस्पेन्शन माउंटन बाईक जोडून झाली तरी चालवण्याआधी एक काम उरतं, आणि ते एकट्याने नीट होत नाही. (बाईक म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न मायलेजचा येतो, म्हणून पुढे सायकलच म्हणतो.) हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असा सगळा संसार अंगावर चढवून सायकलवर बसायचं. कोणीतरी हँडल धरायचं. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते, ती सीलला टेकवायची. मग हिसका न देता हळूच उतरायचं आणि कडी किती सरकली ते मोजायचं. शॉकचा स्ट्रोक 50 मिलिमीटर असेल तर ती साधारण 15 मिलिमीटरवर हवी. याला सॅग म्हणतात. कमी भरला तर हवा सोडा, जास्त भरला तर पंप मारा, पुन्हा बसा, पुन्हा उतरा. रत्नागिरीच्या मे महिन्यात हे चार वेळा केलं की राइड झाल्याइतका घाम येतो.

पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं, एवढे पैसे मोजून घेतलेल्या शॉकचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं बसल्यावरच खर्च? पण त्यात मेख आहे. रस्त्यात फक्त दगड नसतात, खड्डेही असतात. दगडावर चाकाने वर यायचं असतं, तसं खड्ड्यात खाली उतरायचंही असतं. आधी थोडं दबलेलं सस्पेन्शनच खाली उघडू शकतं. सॅग शून्य ठेवलात तर प्रत्येक खड्ड्यावर चाक क्षणभर हवेत राहील, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. म्हणजे सस्पेन्शनचं मुख्य काम तुमच्या पाठीला आराम देणं नाही, चाक जमिनीला टेकवून ठेवणं आहे. आराम त्यातून मिळणारा बोनस.

दुसरा भाग डॅम्पिंगचा. स्प्रिंग, मग ती पोलादाची असो वा हवेची, घेतलेला दणका जवळजवळ तसाच परत करते. त्याच्यावर लगाम म्हणून आत तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. लांब उतार संपल्यावर शॉकला हात लावा, कोमट लागतो. रिबाउंडची चकती फार मोकळी ठेवली तर सायकल तुम्हाला उडवते. फार आवळली तर एक दणका पचायच्या आत दुसरा येतो, शॉक दबलेलाच राहतो आणि शेवटी दगडासारखा कडक होतो. माणसांच्या स्वभावाबद्दल इथे काहीतरी लिहायचा मोह होतो, पण तो आवरतो. मला विचारायचंय ते जमिनीबद्दल.

प्रश्न असा: जमिनीचा मार जे यंत्र आपल्यापर्यंत पोचू देत नाही, ते आपल्याला जमिनीच्या जवळ नेतं की लांब?

‘साधी, कडक सायकल जास्त प्रामाणिक’ असं म्हणणारे लोक असतात. मला ते पटत नाही. 1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, ते सस्पेन्शनच होतं. पायातली चप्पलही. कुठेतरी रेघ मारून ‘इथपर्यंतचा आराम सात्त्विक’ म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय सगळं सोसण्यात पुण्य असतं तर आपल्या एसटीने कधीच सगळ्यांना मोक्ष दिला असता.

कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत 1976 साली काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. उताराचं नाव पडलं ‘रिपॅक’, कारण मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. सस्पेन्शन नव्हतंच. कुठे थांबायचं, कुठे उतरून चालायचं हे मनगटं आणि ब्रेक सांगायचे. पुढे 1990च्या आसपास सस्पेन्शनचे फोर्क बाजारात आले, मग मागचे शॉक आले, आणि ‘इथे उतरावं लागेल’ ही जागा दरवर्षी थोडी पुढे सरकत गेली.

माझा मुद्दा इथे आहे. उतरावं लागणं ही नुसती गैरसोय नव्हती, तो एक फुकटचा चौकीदार होता. नीतीचा विचार न करताही माणूस थांबायचा, कारण हाडं थांबवायची. चौकीदाराला रजा आपण दिली, तर त्याचं काम कोणाकडे गेलं?

रत्नागिरीत हा प्रश्न हवेतला नाही. गावाबाहेर पडलं की जांभ्याचे सडे लागतात. मे महिन्यात बघाल तर मैलभर काळा-तांबडा कातळ, एक झाड नाही. फुल सस्पेन्शनवाल्याला हा स्वर्ग वाटतो: ‘काहीच नाहीये इथे, कुठूनही जा.’ याच ‘काहीच नाही’मध्ये उक्षीचा हत्ती आहे, बारसूची चित्रं आहेत, कशेळीचा अवाढव्य हत्ती आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पालथे घालून अशी शेकडो चित्रं नोंदवली. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. चित्रं उथळ कोरलेली, बरीचशी माती-गवताखाली झाकलेली. तिरप्या उन्हात दिसतात, भर दुपारी पायाखाली असूनही दिसत नाहीत. ताशी 25 किलोमीटरने तर नाहीच नाही.

पावसाचा पहिला मारा झाला की याच कातळावर बोटभर मातीत दिपकाडी फुलते. पांढरी, नाजूक, कोकण-गोव्याच्या जांभ्याची खास. रत्नागिरीत चंपक मैदानाच्या सड्यावर ती दिसते. नंतर सीतेची आसवं, गेंद, तेरडा. त्या बोटभर मातीवर मागचा ब्रेक दाबून चाक घसरवलं तर माती सालीसारखी निघते, आणि खाली कातळच असतो. शॉकवरची कडी राइडनंतर सांगते की सर्वांत मोठा दणका किती होता. सड्याला अशी कडी नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: चिरेखाणी डोंगर कापतायत, जेसीबी सडे सपाट करतायत, आणि तू दोन इंच टायरच्या मागे लागलास? हिशोब बरोबर आहे. एका सायकलने कातळाचं होणारं नुकसान नगण्य आहे, चांगल्या सस्पेन्शनवाली सायकल तर कमी घसरते. पण माझ्या मते सायकलवाल्याची जबाबदारी टायरच्या ठशापुरती नसते, रेषेची असते. तुम्ही सड्यावरून गेलात, ॲपवर राइड टाकली. नकाशावर जिथे काही नव्हतं तिथे आता एक रेषा आहे. पुढच्या रविवारी तिच्यावरून चौघं येतात, पावसाळ्यानंतर मोटारसायकली. पहिला माणूस ‘मी तर एकदाच गेलो’ म्हणतो, आणि ते खरंच असतं.

अमेरिकेने हा गुंता कायद्याने सोडवला. 1964च्या वाइल्डरनेस ॲक्टने राखीव रानात यांत्रिक वाहतूक बंद केली, आणि 1984 मध्ये वनखात्याच्या नियमाने सायकलीही त्यात धरल्या. तिथले सायकलवाले अजून त्यावर कुरकुरतात आणि मला त्यांचं थोडं पटतंही. घोडा चालतो, सायकल नाही, हे विचित्रच. पण आपल्याकडे सड्याच्या कडेला पाटी लावायलाही कोणी नाही. बरेचसे सडे खाजगी मालकीचे, कागदावर पडीक. म्हणजे नियम करणारा तोच, ज्याच्या हातात हँडल आहे. त्याला हे ओझं वाटेल. वाटायला हवं. सायकल जोडताना आपण स्टेमच्या बोल्टला 5 न्यूटन मीटरच्या वर पिळत नाही, कारण पुढे काय होईल ते माहीत असतं. पाना आणखी फिरू शकतो म्हणून कोणी फिरवत नाही. सायकल आणखी पुढे जाऊ शकते, हेही तेवढंच पुरेसं नसलेलं कारण आहे.

यातून सडा सोडून द्या असं निघत नाही. बैलगाडीच्या जुन्या वाटा आहेत, पाखाड्या आहेत, खाणीपर्यंत गेलेले कच्चे रस्ते आहेत. सॅग, रिबाउंड सगळं पणाला लागेल इतके ते खराब आहेत. वाट संपते तिथे सायकल आडवी ठेवायची, ड्राइव्हची बाजू वर, आणि पुढे चालायचं. सकाळी आठच्या आत गेलात तर ऊन तिरपं असतं.