लावणाऱ्याचा हेतू

नीरफणसाची कापे कोकणात व गोव्यात अनेकांनी चाखली आहेत. या झाडाने पाहिलेला अन्याय मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. १७८९ साली कॅप्टन विल्यम ब्लाय ताहितीहून हजारावर रोपे घेऊन वेस्ट इंडीजकडे निघाला. ‘बाऊंटी’ जहाजावर बंड झाले, रोपे समुद्रात गेली. दुसऱ्या सफरीत, १७९३ साली, ती सेंट व्हिन्सेंट व जमैकाला पोहोचली. त्या बंडावर चित्रपटही निघाले. रोपे कोणासाठी होती, हे क्वचितच सांगितले जाते. ती उसाच्या मळ्यांतील गुलामांसाठी होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे बाहेरून येणारे धान्य तुटले, त्यात वादळे झाली आणि हजारो गुलाम उपासमारीने मेले. मळेवाल्यांना स्वस्त अन्न हवे होते. ऊसतोडीचे हात शाबूत राहावेत, एवढीच त्यांची करुणा!

कृती चांगली ठरायची तर हेतूही शुद्ध हवा, असे आम्हांला सेमिनरीत शिकवीत. मग भुकेल्याला अन्न देणारे हे झाड कोणत्या रकान्यात घालावे? गुलामांनी प्रथम ते फळ नाकारले. ते डुकरांपुढे टाकले जाई. त्यांना आपले कंद व केळी प्रिय होती. मी याला हट्ट म्हणणार नाही. देणारा आपणास माणूस समजतो की औताचा बैल, हे खाणाऱ्यास कळते.

झाड मात्र गुणी. तीन ते पाच वर्षांत फळते, मग कित्येक दशके दरसाल पेरणीवाचून अन्न देते. पोनपेई बेटावर त्याच्या खोडावर कंदाचे वेल चढवितात, सावलीत केळी व अळू लावतात. परंतु ही सारी समृद्धी जमिनीवर हक्क असलेल्याची. १८३८ साली जमैकातील गुलाम पूर्ण मुक्त झाले; पुढे हेच झाड त्यांच्या वंशजांच्या परसात रुजले, आणि आज विस्तवावर भाजलेला नीरफणस तेथील घरगुती अन्न आहे. याचे ऋण ब्लायचे, असे मला वाटत नाही. ज्यांनी ते आपल्या दारी लावले, त्यांचे.

हे सारे वाचून उत्साहाने मी काही रोपे मिळविली व दुसऱ्याच्या वाडीत खोपटे बांधून राहणाऱ्या मजूर कुटुंबांकडे नेली. एका बाईने रोप हातात घेतले, निरखले आणि विचारले, “फादर, झाड मोठं झाल्यावर फळ कोणाचं?”

मी रोपे तेथेच सावलीत ठेवली आणि आधी वाडीच्या मालकाकडे गेलो.