आजची कवटी

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी सकाळी उठून टेबलापाशी बसणं किती जड जातं, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळतं. नोंदणीच्या वेळचा उत्साह ओसरलेला असतो आणि प्रबंध अजून दृष्टिपथातही नसतो.

अशा वेळी मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनमध्ये पीएच.डी.साठी त्यांनी १४९ मानवी कवट्या मोजल्या. परका देश, परकी भाषा आणि हाती रोज तेच काम. कवटी उचलायची, डावी-उजवी बाजू मोजायची, आकडा लिहायचा. कवटीच्या ठेवणीत वंशानुसार फरक असणार, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची, ऑयगेन फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंच्या आकड्यांनी तिला दुजोरा दिला नाही, आणि बाईंनी प्रबंधात तसंच लिहिलं. ते धैर्य त्या रोजच्या मोजणीतूनच आलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा संशोधक मित्रमैत्रिणींनो, आज अख्खा प्रबंध डोक्यावर घेऊ नका. एक नोंद, फार तर एक परिच्छेद. तीच तुमची आजची कवटी. आणि संध्याकाळी उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट ठेवा. उद्या सकाळी कोऱ्या कागदाशी झुंजावं लागणार नाही. ते अर्धं वाक्यच तुम्हाला हाताला धरून बसवेल.