राशीखालची ओल

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांच्या दृष्टीस पडेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले.

बंधू-भगिनींनो, पाऊस अल्लाहच्या हुकुमाने पडतो. ओल लपवणे हे मात्र आपले कर्म असते. दिव्य कुरआनच्या ८३ व्या सूरहचा आरंभच मापात पाप करणाऱ्यांच्या विनाशाच्या इशाऱ्याने होतो. आंब्याच्या पेटीतील खालचा थर, कापडाच्या घडीतील डाग, ही आपली रास. दोष सांगितल्यास भाव उतरेल, कदाचित गिऱ्हाईकही जाईल. परंतु मुलांच्या ताटात हलाल घास पडेल. अल्लाह आपल्या व्यवसायात बरकत देवो. आमीन.