हे कुठलं झाड?

वसई-विरारमध्ये वाडी जाऊन टॉवर उभा राहिला की कंपाऊंडच्या भिंतीवर हमखास वारली झाड येतं. केळी-सुपारी खरी होती ती गेली, आता ॲक्रिलिकची. माझे मित्र याला ढोंग म्हणतात. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

हिशिदा शुन्सो हा जपानी चित्रकार 1909 मध्ये तोक्योच्या कडेला, योयोगीत राहत होता. मूत्रपिंडाचा आजार, त्यातून डोळे अधू झालेले. घराजवळच्या रानात फिरून त्याने ‘ओचिबा’, म्हणजे ‘गळलेली पानं’, हे चित्र दोन मोठ्या घडीच्या पडद्यांवर काढलं. त्यात जमिनीची रेषाच नाही. खोडं धूसर होत मागे जातात, त्यावरून अंतर कळतं. पण झाडं मोघम नाहीत. सुगीचं कोवळं झाड सुगीचंच आहे. 1911 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी तो गेला. योयोगी आज भर शहरात आहे. चित्राने रान वाचवलं नाही, तरी शुन्सोला कुणी ढोंगी म्हणणार नाही. त्याने ते रान पाहिलं होतं, दुखऱ्या डोळ्यांनी का होईना.

आपल्या जिल्ह्यातली वारली चित्रंही मुळात पाहिलेल्याचीच. लग्नात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं-झुडपं. पीठ झडून जातं, पुढच्या लग्नात पुन्हा लिहायचं. म्हणजे दर पिढीत कुणीतरी झाड नीट पाहिलेलं हवंच.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे कागद आला. जिव्या सोमा म्हशे लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले. 2011 ला पद्मश्री मिळाली. काहींना यात परंपरा बाटल्याचं दुःख होतं, मला नाही. कलेने पोट भरलं तर वाईट काय? आणि कागदावरही ताड हा ताडच राहिला, वर ताडी काढायला चढलेल्या माणसासकट.

म्हणून चित्र विकलं की नाही, झाड तोडलं की नाही, याआधी मी एवढंच विचारीन: हे कुठलं झाड? सोसायटीच्या भिंतीवरच्या त्या माशाच्या काट्यासारख्या फांद्यांना बहुतेकदा नाव नसतं. रंगवणारा डहाणू-तलासरीकडचा असेल तर त्याला दहा झाडं वेगवेगळी काढता येतील. पण कंत्राटदाराने त्याच्या हातात मोबाईलवरचा नमुना दिलेला असतो.